कार्ड बदलावें काय ?

ज्या घरांत संगणक आहे आणि तरुण मुलगा अगर मुलगी आहे, त्या घरांत वर्षा-दोन वर्षांनीं एक वाद हटकून निघतो. नवा खेळ बाजारांत आलेला असतो, घरच्या यंत्रावर तो अडखळत चालतो, आणि ग्राफिक्स कार्ड बदललें पाहिजे अशी मागणी वडिलांपुढें येते. वडील किंमत ऐकतात, आणि तीन वर्षांपूर्वीं घेतलेलें कार्ड इतक्यांत जुनें कसें झालें असा उलट प्रश्न करतात. दोन्ही पक्ष आपापल्या परीनें बरोबर असतात, आणि म्हणूनच वाद मिटत नाहीं. या प्रश्नाला आतां जवळजवळ तीस वर्षांचा इतिहास झाला आहे. तो बहुधा कारखानदारांच्या जयापजयाच्या रूपानें सांगितला जातो : कोणाची चिप किती वेगवान्, कोणती कंपनी वर आली, कोणती बुडाली. आम्हांस तो येथें गिऱ्हाइकाच्या बाजूनें पाहावयाचा आहे. ज्यानें त्या त्या वेळीं पैसे मोजले त्याला काय मिळालें, आणि ज्यानें मोजले नाहींत त्याचें काय अडलें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम हें कार्ड काय करतें तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. संगणकाच्या पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें, आणि भरतकामांतील टांक्यांप्रमाणें प्रत्येक ठिपक्याचा रंग निरनिराळा ठरवावा लागतो. नुसतीं अक्षरें दाखवावयाचीं असलीं तर हें काम हलकें आहे. परंतु खेळांतल्या एखाद्या दालनांतून खेळाडू चालूं लागला कीं भिंती, खांब, छत यांचें दर्शन पावलोपावलीं बदलतें, आणि सेकंदाला वीस-तीस वेळां सगळें चित्र नव्यानें काढावें लागतें. १९९३ च्या डिसेंबरांत टेक्ससमधील इड सॉफ्टवेअर या लहानशा मंडळीनें 'डूम' हा खेळ प्रसिद्ध केला, त्या वेळीं चित्राची रुंदी ३२० व उंची २०० ठिपके असे. म्हणजे एकंदर ६४,००० ठिपके. तेवढें ओझें संगणकाचा मुख्य प्रोसेसर एकटा वाही. पुढें १९९६ च्या जूनमध्यें त्याच मंडळीचा 'क्वेक' आला. डूममधील राक्षस पुठ्ठ्याच्या सोंगांसारखे सपाट होते. क्वेकमध्यें ते खरोखरीच्या तीन मितींत घडविलेले होते. ६४० बाय ४८० ठिपक्यांचें चित्र घेतलें तर एका चित्रांत ३,०७,२०० ठिपके होतात, आणि सेकंदाला ३० चित्रें म्हटलीं कीं दर सेकंदाला ९२ लाखांवर ठिपक्यांचें गणित उरकावें लागतें. त्या वेळच्या घरगुती पेंटियम प्रोसेसरला तें पेलत नसे. खेळाडू चित्राचा आकार कमी करीत, पडद्याच्या कडा रिकाम्या सोडीत, आणि मधल्या चौकटींत आपलें युद्ध चालवीत.

हें ओझें दुसऱ्याच्या खांद्यावर देण्याची युक्ति ज्या कार्डानें लोकप्रिय केली तें 'व्हूडू'. तें काढणारी थ्रीडीएफएक्स ही कंपनी १९९४ सालीं कॅलिफोर्नियांत निघाली. तिच्या संस्थापकांनीं पूर्वीं सिलिकॉन ग्राफिक्स या, महागड्या चित्रयंत्रांबद्दल प्रसिद्ध असलेल्या, कारखान्यांत काम केलेलें होतें. त्यांचा प्रथम डोळा होता तो नाणें टाकून खेळावयाच्या सार्वजनिक यंत्रांवर. कारण घरगुती कार्डाला लागणारी मेमरी फार महाग होती. १९९६ सालीं मेमरीचे भाव कोसळले, आणि ४ मेगाबाइट मेमरीचें कार्ड सुमारें ३०० डॉलरांत देणें शक्य झालें. अमेरिकेंतील मध्यम वर्गालाही ही रक्कम किरकोळ नव्हती, आणि तींत मिळणारी वस्तु तर विचित्रच होती. पत्र लिहिण्याच्या किंवा हिशेब मांडण्याच्या कामीं हें कार्ड मुळींच येत नसे. त्यासाठीं यंत्रांतलें जुनें कार्ड तसेंच ठेवावें लागे. जुन्या कार्डाची तार व्हूडूकडे जाई, व्हूडूची तार पडद्याकडे जाई, आणि खेळ सुरू झाला म्हणजे आंतला रिले टक् असा आवाज करून पडदा आपल्या ताब्यांत घेई. निव्वळ खेळासाठीं ३०० डॉलर ! वडील मंडळींचा विरोध कसा झाला असेल याची कल्पना वाचकांनीं आपापल्या अनुभवावरून करावी.

असें असतांही तें कार्ड खपलें, आणि त्याचें कारण कार्डापेक्षां खेळांतच अधिक होतें. १९९७ च्या जानेवारींत इडच्या जॉन कार्मॅकनें क्वेकची कार्डावर चालणारी आवृत्ति तयार करून ती फुकट दिली. ज्याच्या घरीं क्वेक होता त्याला नवा खेळ विकत घ्यावयाचा नव्हता. तोच दरवाजा, तोच जिना, तोच राक्षस. पण जवळ गेलें असतां जी भिंत पूर्वीं मोठमोठ्या चौकोनांत फुटलेली दिसे ती आतां एकसंध दिसूं लागली, चित्र पडदाभर पसरलें, आणि तरीही हालचाल अडखळेनाशी झाली. मित्राच्या घरीं जाऊन डोळ्यांनीं पाहावें आणि परत येऊन निर्णय करावा, इतका तो सौदा उघड होता. आमच्या मतें कार्ड बदलण्याच्या सबंध इतिहासांत इतका सोपा प्रश्न गिऱ्हाइकाला पुन्हां क्वचितच पडला.

याच्या उलट गोष्ट थोडी आधीं घडली होती. आज जगांतील अत्यंत बलाढ्य कंपन्यांत मोडणारी एन्व्हिडिया ही संस्था १९९३ मध्यें जेन्सन ह्वांग, ख्रिस मॅलाकाव्स्की व कर्टिस प्रीम या तिघांनीं काढली, आणि १९९५ मध्यें तिची 'एनव्ही १' ही पहिली चिप बाजारांत आली. तिच्या कार्डावर चित्राबरोबर आवाजाचीही सोय होती, आणि सेगा कंपनीच्या खेळयंत्राचे हातांत धरावयाचे पॅडही त्याला जोडतां येत. एकाच कार्डांत इतकें मिळत असेल तर कोणाला नको? परंतु ही चिप आकृति घडवी ती वक्र पृष्ठांच्या तुकड्यांतून, आणि बाकीच्या जगानें त्रिकोण पसंत केला. १९९६ सालीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजसाठीं 'डायरेक्ट थ्रीडी' हा जो दंडक घालून दिला तोही त्रिकोणांचाच होता. खेळ लिहिणारे तिकडे वळले, आणि एनव्ही १ घेतलेल्या गिऱ्हाइकाच्या हातीं सेगाचे थोडेसे खेळ उरले. कंपनीही बुडण्याच्या बेतांत आली होती. सेगाकडून मिळालेल्या पैशांवर ती तगली, आणि १९९७ मध्यें त्रिकोणांची 'रीव्हा १२८' घेऊन परत उभी राहिली. कंपनीला दुसरी संधि मिळाली. पहिलें कार्ड घेणाऱ्याला मात्र त्या दुसऱ्या संधीचेही पैसे आपल्याच खिशांतून द्यावे लागले.

१९९८ मध्यें व्हूडू-२ आलें, आणि आजही अर्ध्याअधिक तक्रारींच्या मुळाशीं जी अडचण असते ती तेव्हां लोकांच्या ध्यानांत आली. हीं कार्डें दोन-दोन जोडून चालवितां येत, आणि जोडीनें १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचें चित्र मिळे. उत्साही लोकांनीं जोड्या घेतल्या. परंतु कार्ड हें रंगारी आहे. राक्षस कोठें उभा आहे, गोळी कोणाला लागली, कोणता त्रिकोण कोठें ठेवावयाचा, हें सारें त्या काळीं मुख्य प्रोसेसरच ठरवून कार्डाकडे पाठवी. प्रोसेसर जुना असला तर हा पुरवठा त्याच्याच्यानें होत नसे, आणि दोन्ही रंगारी हात जोडून बसत. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? जुन्या यंत्रांत नवें कार्ड बसवून निराश झालेल्यांची परंपरा येथून सुरू होते. वास्तविक याची परीक्षा त्या काळींही सोपी होती आणि आजही तीच आहे : खेळांतल्या चित्राचे ठिपके कमी करून पाहावे. ठिपके कमी करूनही वेग वाढत नसेल तर दोष बहुधा कार्डाचा नसतो. दुकानदार ही परीक्षा आपण होऊन सांगत नाहीं, हें निराळें सांगणें नको.

आतां १९९९ सालाकडे येऊं. येथें थोडें थांबलें पाहिजे, कारण शहाण्या गिऱ्हाइकाचा हिशेब आणि शहाण्या कारखानदाराचा हिशेब एकच असत नाहीं, हें त्या वर्षीं जितकें स्पष्ट झालें तितकें एरवीं होत नाहीं. त्या वर्षाच्या पूर्वार्धांत थ्रीडीएफएक्सचें व्हूडू-३ आणि एन्व्हिडियाचें टीएनटी-२ हीं दोन कार्डें जवळजवळ एकाच सुमारास दुकानांत आलीं. व्हूडू-३ वेगवान् होतें, पण खेळांत १६ बिटांचेच रंग देई. म्हणजे ६५,५३६ छटा. टीएनटी-२ मध्यें ३२ बिटांची सोय होती, आणि तींत छटा १ कोटि ६७ लाखांवर जातात. भिंतीवर चिकटवावयाच्या नक्षीचा आकारही व्हूडू-३ मध्यें २५६ बाय २५६ ठिपक्यांपलीकडे जाऊं शकत नसे. थ्रीडीएफएक्सचें म्हणणें असें पडलें कीं खेळांत वेग हेंच सर्वस्व. ३२ बिटांचे रंग सुरू करतांच जर प्रतिस्पर्ध्याचें कार्ड मंदावतें, तर ती सोय घेऊन करावयाचें काय?

हें म्हणणें खोटें नव्हतें. टीएनटी-२ वर ३२ बिटांत खेळणाऱ्याचा वेग खरोखरच घटे, आणि त्या वेळच्या पुष्कळ खेळांत फरक शोधावा लागे. धुरांत किंवा आभाळाच्या विरळ होत जाणाऱ्या रंगांत पट्टे दिसत, तेवढेंच. शिवाय थ्रीडीएफएक्सच्या स्वतःच्या 'ग्लाइड' या पद्धतीनें लिहिलेले १९९८ च्या 'अन्‌रियल'सारखे खेळ व्हूडूवरच अधिक खुलत. त्या वर्षीं ज्यानें आपल्या टेबलावरचे खेळ मोजून व्हूडू-३ घेतलें त्याला मूर्ख ठरविणें अन्यायाचें होईल. पुढील इतिहास ठाऊक असलेले लेखक तसें सर्रास करतात. पण गिऱ्हाईक कार्ड घेतें तें या महिन्यांत खेळण्यासाठीं, इतिहासाच्या बाजूला उभें राहण्यासाठीं नव्हे.

कारखानदाराची गोष्ट वेगळी. त्याला दोन वर्षांनीं येणाऱ्या खेळासाठीं चिप आज आंखावी लागते; थ्रीडीएफएक्सनें गिऱ्हाइकाचा हिशेब स्वतःलाही लावला आणि ती मागें पडली. त्यांत दुसरी एक चूक मिळाली. तोंपर्यंत ती कंपनी मुख्यतः चिप करी, आणि डायमंड, क्रिएटिव्ह यांसारखे कारखाने तिचीं कार्डें बनवून विकत. १९९८ च्या डिसेंबरांत तिनें एसटीबी हा कार्डें बनविणारा कारखाना विकत घेण्याचें जाहीर केलें आणि सर्व धंदा घरींच करावयाचें ठरविलें. जुने भागीदार अर्थातच दुरावले व एन्व्हिडियाच्या चिपा घेऊं लागले. इकडे थ्रीडीएफएक्सची पुढची चिप लांबत गेली. व्हूडू-५ हें दोन चिपांचें, विजेची वेगळी तार लागणारें कार्ड २००० सालच्या मध्याला दुकानांत आलें, तोंवर एन्व्हिडियाच्या दोन पिढ्या बाहेर पडल्या होत्या. त्याच डिसेंबरांत थ्रीडीएफएक्सनें आपली मालमत्ता एन्व्हिडियाला विकण्याचा करार केला. २००२ मध्यें दिवाळें निघालें. लोकांच्या घरचीं कार्डें त्यामुळें बंद पडलीं नाहींत. पण कार्ड आणि विंडोज यांची सांगड घालणारा ड्रायव्हर नांवाचा जो प्रोग्राम लागतो, तो सुधारणारें आतां कोणी उरलें नाहीं. २००१ मध्यें विंडोज एक्सपी आली, तेव्हां व्हूडूच्या भक्तांनीं आपल्या हौसेनें ड्रायव्हर जुळवून तीं कार्डें कित्येक दिवस चालतीं ठेवलीं. हौशी माणसाला हें शोभतें. ज्याला नुसतें खेळावयाचें होतें त्यानें दुसरें कार्ड घेतलें.

या दोन पिढ्यांपैकीं पहिली १९९९ च्या अखेरीस निघालेली 'जीफोर्स २५६' होय, आणि तिच्या जाहिरातींतूनच 'जीपीयू' हा शब्द सर्वतोमुखीं झाला. त्रिकोणाची जागा व त्यावरील उजेड ठरविण्याचें गणितही आतां कार्डच करणार होतें. वर सांगितलेल्या प्रोसेसरच्या अडचणीवर हाच खरा उपाय होता. पण ही शक्ति वापरणारे खेळ कोठें होते? डिसेंबरांत आलेल्या 'क्वेक ३ अरीना'ला तिचा उपयोग होई. त्या खेळानें थ्रीडी कार्डाशिवाय चालण्यास साफ नकार दिला हें खरें; परंतु त्याला कार्ड हवें होतें, जीफोर्सच हवी होती असें नव्हे; साधीं कार्डेंही त्याला चालत. बहुतेक खेळ त्या शक्तीचा उपयोग करूं लागण्यापूर्वींच, २००० च्या मध्याला, तीच सोय असलेलें 'जीफोर्स-२ एमएक्स' सव्वाशें डॉलरांच्या आंत मिळूं लागलें. पाण्यांतल्या म्हशीचें मोल देणारे आणि म्हैस कांठावर आल्यावर मोल देणारे, यांच्यांत वर्षाचेंही अंतर पडलें नाहीं. २००१ च्या जीफोर्स-३ मध्यें प्रत्येक ठिपक्याचा रंग कसा काढावा हें खेळ लिहिणाऱ्यालाच सांगतां येऊं लागलें. ही क्रांति खरी होती. पण तिचें सामर्थ्य ज्यांत ठसठशीत दिसलें तो 'डूम ३' २००४ च्या ऑगस्टांत आला, आणि तेव्हां तें कार्ड जुन्या बाजारांत पडलेलें होतें.

मध्यंतरीं २००२ मध्यें 'जीफोर्स-४ एमएक्स' या नांवाचें स्वस्त कार्ड निघालें. चार हा आंकडा तीनपेक्षां मोठा, म्हणून पुष्कळांनीं तें विश्वासानें घेतलें. पण जीफोर्स-३ ची ती ठिपके रंगविण्याची कला त्यांत नव्हतीच. नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा ! तेव्हांपासून आंकड्यांवर विसंबून कार्ड घेऊं नये हें जाणत्यांना कळलें, पण दर पिढींत न जाणते नव्यानें जन्माला येतात आणि कारखानदारांना तें ठाऊक असतें. २००४ मध्यें कार्ड बसविण्याची खांचच बदलली. एजीपी जाऊन पीसीआय एक्सप्रेस आली, आणि कार्ड बदलावयाचें म्हणजे बहुतेकांना मदरबोर्ड, प्रोसेसर आणि मेमरीही बदलावी लागूं लागली. २००७ च्या नोव्हेंबरांतील 'क्रायसिस' हा खेळ तर असा निघाला कीं त्याची सर्व शोभा मोठ्या पडद्यावर सुरळीत चालविणारें कार्ड त्या दिवशीं कोणाही दुकानांत नव्हतें.

पुढील दहा वर्षांची हकीकत आम्ही गाळतों. तींत वेग वाढला, पण गिऱ्हाइकापुढील प्रश्नाचें स्वरूप फारसें बदललें नाहीं. दोन गोष्टी मात्र नमूद केल्या पाहिजेत. पहिली पडद्याची. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात, आणि ३८४० बाय २१६० च्या पडद्यावर बरोबर चौपट. मोठा पडदा घरांत आणणारानें कार्डाचा निर्णय नकळत आधींच केलेला असतो. दिवाळींत पडदा आणि संक्रांतीला कार्डाची मागणी, हा क्रम उगाच पडत नाहीं. दुसरी गोष्ट विजेची. पहिल्या व्हूडूला खांचेंतूनच मिळे तेवढी वीज पुरे. २०२२ मधील आरटीएक्स ४०९० ला ४५० वॅट लागतात, आणि २०२५ मधील ५०९० ला ५७५. छतावरचा साधा पंखा ७५ वॅट धरला तर सहा-सात पंखे एकदम फिरविण्यासारखें हें झालें. आणि त्यासाठीं पॉवर सप्लायही मोठा घ्यावा लागतो, तो खर्च कार्डाच्या किंमतींत लिहिलेला नसतो.

२०१७ नंतर मात्र एक विपरीत काळ आला. इथीरियम या आभासी चलनाचें नाणें पाडण्यासाठीं जें गणित लागे तें हींच कार्डें उत्तम करीत. आणि जी वस्तु खेळण्याची होती ती टांकसाळ झाली. २०२० च्या सप्टेंबरांत आरटीएक्स ३०८० ची किंमत ६९९ डॉलर म्हणून जाहीर झाली, पण पुढें वर्षभर त्या किंमतीला तें मिळणें दुर्मिळ झालें. दुप्पट भाव देणाऱ्यालाही आपण भाग्यवान् असें वाटे. कार्ड बदलावें काय, हा प्रश्नच त्या काळीं विचारण्यांत अर्थ नव्हता. बाजारानें तो परस्पर निकालांत काढला होता. २०२२ च्या सप्टेंबरांत इथीरियमनें आपली पद्धत बदलली, कार्डांची गरज संपली, आणि रात्रंदिवस राबलेलीं कार्डें जुन्या बाजारांत लोटलीं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुनें कार्ड शोधणाऱ्यानें तें कोणाच्या टांकसाळींत किती वर्षें तापलें होतें, ही चौकशी तेव्हांपासून करावी हें बरें.

याच सुमारास म्हशीच्या मोलाचा जुना प्रसंग पुन्हां घडला. २०१८ च्या सप्टेंबरांत एन्व्हिडियानें आरटीएक्स मालिका काढली. उजेडाचा किरण कोठें लागून कोठें वळतो याचें गणित कार्डावर करून सावल्या व प्रतिबिंबें खऱ्यासारखीं दाखविणें, हा तिचा विशेष. तिच्यांतील २०८० टीआय या कार्डाची कंपनीनें काढलेली आवृत्ति १,१९९ डॉलरांची होती, आणि ती विक्रीस आली त्या दिवशीं किरणांचा उपयोग करणारा एकही खेळ बाजारांत नव्हता. पहिला 'बॅटलफील्ड ५' नोव्हेंबरांत आला, आणि त्यांत किरण सुरू करतांच वेग निम्म्यावर येई. पुढें अनेक खेळांत ही सोय आली, पण ती ऐच्छिक होती. नको असेल त्यानें बंद ठेवावी. ती सक्तीची झाली ती आतां. २०२४ च्या डिसेंबरांतील इंडियाना जोन्सचा खेळ, आणि २०२५ च्या मेमध्यें इडनेंच काढलेला 'डूम : द डार्क एजेस', हे दोन्ही किरणांचें गणित करणाऱ्या कार्डाखेरीज सुरू होत नाहींत. क्वेक-३ नें १९९९ मध्यें जें दार लावून घेतलें होतें तसेंच हें दुसरें दार.

आतां या दोन खेळांची किमान अट पाहण्यासारखी आहे : ८ गिगाबाइट मेमरी, आणि २०१९ मधील आरटीएक्स २०६० सुपर किंवा एएमडीचें २०२१ मधील आरएक्स ६६००. दुसऱ्याची जाहीर किंमत ३२९ डॉलर होती. म्हणजे सक्ति येईपर्यंत थांबलेल्या माणसाला १,१९९ डॉलरांच्या वचनाची पूर्तता तिसऱ्या हिश्शाहून कमी रकमेंत होत होती. उलट २०१९ च्या जानेवारींत निघालेलें साधें आरटीएक्स २०६० किरण जाणत असूनही ६ गिगाबाइट मेमरीमुळें अटींत बसत नाहीं. जाहिरातींत किरणांचीं चित्रें मोठीं होतीं, मेमरीचा आंकडा बारीक अक्षरांत होता. आणि २०१७ च्या मार्चमध्यें ६९९ डॉलरांस ज्यांनीं जीटीएक्स १०८० टीआय घेतलें, त्यांना ११ गिगाबाइट मेमरी असूनही या दोन दारांतून प्रवेश नाहीं. एन्व्हिडियानें त्या पिढीसाठीं नव्या खेळांचे ड्रायव्हर काढणें २०२५ च्या ऑक्टोबरांत थांबविलें. मधल्या आठ वर्षांत निघालेल्या खेळांपैकीं बहुतेक त्या कार्डानें चालविले, आणि ते त्याच्यावर आजही चालतात.